शेवटचा परिच्छेद

तहसील कचेरीच्या फाटकासमोर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. तालुक्याचं नाव सांगत नाही, बीड जिल्ह्यातला आहे एवढं पुरे. लोक येतात, स्टुलावर बसून गाऱ्हाणं सांगतात, मी ते निवेदनात बसवते. निवेदनाचा साचा ठरलेला. वर मायना, मधे मागण्या आणि खाली शेवटचा परिच्छेद. या शेवटच्या परिच्छेदात माणसानं मरायचं असतं. ‘वरील मागण्या मान्य न झाल्यास मी येत्या २६ जानेवारीपासून कार्यालयासमोर आमरण उपोषणास बसेन व होणाऱ्या परिणामांची सर्वस्वी जबाबदारी प्रशासनाची राहील.’ तो नसला तर आपला कागद कुणी हातात धरणार नाही, असं लोकांना वाटतं. “ताई, शेवटी जरा कडक टाका,” असं चहा सांगावा तसं सांगतात. उपोषण हे साधं, जलसमाधी त्याहून कडक आणि आत्मदहन एकदम कडक. मी विचारते, “बसणार आहात का खरंच?” तर म्हणतात, “न्हाई हो, नुसतं लिव्हा.”

सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्टच्या आधीचे पंधरा दिवस हा माझ्या दुकानाचा हंगाम. बीडला कलेक्टर कचेरीपुढे तर जत्राच भरते, आमच्याकडे तिचं लहान रूप. फाटकाच्या उजव्या अंगाला ओळीनं मंडप पडतात, फ्लेक्स लागतात. आत्मदहनवाल्याला पोलीस आदल्या दिवशीच ठाण्यात नेऊन बसवतात आणि चहा पाजतात. तिथून तो मला फोन करतो, “ताई, पेपरात आलं का बघा बरं.”

इतकी वर्षं समोर बसून माझं एक मत झालं होतं. मत माझं, मला ते कुणी विचारलेलं नाही. बसणाऱ्याला कारणापेक्षा बसणं जास्त आवडतं. पहिल्या दिवशी तो फाटकाकडे बघतो, दुसऱ्या दिवशी मोबाइलकडे आणि तिसऱ्या दिवशी लिंबू सरबताकडे. तहसीलदार साहेब येतात, लेखी आश्वासनाचा कागद देतात, ग्लास तोंडाला लावतात, फोटो निघतो. मधले दोन दिवस मात्र त्या माणसाच्या तोंडावर एक वेगळंच तेज असतं. घरात ज्याला कुणी ताट वाढायला उठत नाही, त्याला सगळं गाव हात जोडून ‘खा रे बाबा’ म्हणत असतं. मी काचेआडून हे बघायची आणि झेरॉक्स काढायची. मी स्वतः आजवर एकाही निवेदनावर सही केली नव्हती. लिहिणाऱ्यानं बाजूला राहावं, हा माझा धंद्याचा नियम होता आणि तो मला फार शहाणपणाचा वाटायचा.

बाई माझ्या चौथीच्या वर्गशिक्षिका. एका वर्षी जानेवारीच्या सुरुवातीला त्या दुकानात आल्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, यजमान गेलेले, मुलगा पुण्यात. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच बीडला झालं होतं, डोळ्यावर हिरवी पट्टी. स्टुलावर न बसता त्या उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, “दोन स्पीड ब्रेकर हवेत.”

त्यांचं गाव तेच माझं, तिथली शाळा रस्त्याला लागून. तो रस्ता आता चांगला रुंद, सिमेंटचा झालाय आणि गाड्या सुसाट जातात. दिवाळीच्या आधी तिसरीतली एक मुलगी शाळा सुटल्यावर पलीकडे जाताना मोटारसायकलखाली आली. पाय मोडला, जीव वाचला. गाव दोन दिवस हळहळलं आणि ऊस, लग्नं, निवडणूक यांत गुंतलं. बाई काही शाळेच्या कुणी उरल्या नव्हत्या. पण शाळा सुटायच्या वेळेला त्या रोज रस्त्यावर जाऊन हात आडवा धरून उभ्या राहायच्या, हे मी ऐकून होते. लोक हसायचे थोडं.

“साधं लिही,” त्या म्हणाल्या. “शेवटी ‘ही नम्र विनंती’ एवढंच.”

आम्ही टाइप करणारे कोरा कागद कधीच उघडत नाही. जुनी फाइल उघडायची, नाव-गाव बदलायचं, मागणी बदलायची. त्या दिवशी मी जी फाइल उघडली ती आमच्याच गावच्या ओढ्यापलीकडच्या वस्तीची होती. त्या वस्तीचे लोक ऊसतोडीला जातात. दसऱ्यानंतर ट्रॅक्टरवर संसार लादायच्या आदल्या दिवशी ते येऊन निवेदन देऊन गेले होते. पहिली मागणी नळाची, दुसरी स्मशानात जायच्या रस्त्याची. पूर्वीची गाडीवाट एकानं नांगरून शेतात घेतली, आणि आता पावसाळ्यात कुणी गेलं तर तिरडी ओढ्याच्या पाण्यातून न्यावी लागते. खाली शेवटचा परिच्छेद, सव्वीस जानेवारीचा. सव्वीस जानेवारीला ही सगळी माणसं कर्नाटकात कुठल्या तरी फडात असणार, हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी मी तारीख टाकली आणि त्यांनी अंगठे उठवले.

बाईंसाठी मी मायना बदलला, नाव बदललं, पहिली मागणी काढून स्पीड ब्रेकर घातले आणि लाइट गेली. लाइट आली तेव्हा दुकानात पाच माणसं ताटकळत उभी होती. मी प्रिंट काढली, चार प्रती स्टेपल केल्या, बाईंपुढे सरकवल्या.

बाई कागद डोळ्याजवळ नेऊन बघायला लागल्या. पट्टीमुळे काही दिसेना. ज्या बाईनं आमच्या वह्यांतला एक टिंब कधी सोडलं नाही, तिनं हसून पेन मागितलं आणि म्हणाली, “तू लिहिलंयस म्हणजे बरोबरच असणार.” चारही प्रतींवर सही केली. एक प्रत कचेरीत, एक पोलीस ठाण्यात, एक रस्त्याच्या खात्यात, एक स्वतःजवळ.

आठ दिवसांनी एक हवालदार बाईंच्या घरी नोटीस घेऊन गेला. ‘आपण आमरण उपोषणाचा इशारा दिला आहे, त्यापासून परावृत्त व्हावे.’ तो त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. बाईंनी नंतर सांगितलं, तो दारात हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, तुमी असं काई करू नका. तुमच्यावाचून आमाला कोण हाय?” शाळा सोडल्यापासून तो एकदाही त्या दारात आला नव्हता.

बाई कागद घेऊन दुकानात आल्या. पट्टी निघाली होती, नवा चष्मा होता. मी कागद वाचला. शेवटचा परिच्छेद तसाच. मागणी क्रमांक दोन तशीच.

“माझ्या हातून चुकलं, बाई,” मी म्हणाले. “मी आत्ता माघारीचा अर्ज टाइप करते, तुमी सही करा, विषय संपला.”

“सही माझीच आहे ना खाली?” बाई म्हणाल्या.

“तुमी वाचलं कुठं होतं?”

“ते माझं चुकलं. सही केली म्हणजे शब्द दिला. तुम्हाला काय शिकवलं मी?” मग त्यांनी बोट दुसऱ्या मागणीवर ठेवलं. “आणि हा रस्ता? हा कसा आला?”

इथं मी खरं बोलायला हवं होतं. एक चूक कबूल केलीच होती, दुसरीही कबूल करायला काय हरकत होती? पण दुकानात दोन गिऱ्हाइकं ऐकत उभी होती. एका कागदात दोन चुका, त्यातली एक दुसऱ्याच्याच अर्जातली, हे बाहेर गेलं असतं तर तालुक्यात माझ्याकडे कुणी निवेदन लिहायला आलं नसतं. मी म्हणाले, “ती वस्तीची माणसं तोडीला जाताना सांगून गेली होती, कुणाच्या तरी अर्जात आमचंही टाका म्हणून. मला वाटलं तुमाला चालंल.”

बाईंचा चेहरा उजळला. ते तेज मी मंडपात अनेकदा पाहिलेलं होतं, मला ओळखायला वेळ लागला नाही. “बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “नुसत्या आपल्याच शाळेसाठी बसणं बरं दिसलं नसतं.”

मला त्यांचा राग आला, खरं सांगते. चूक माझी, खोटं मी बोलले, आणि राग मात्र त्यांचा. साखरेचा त्रास असलेल्या बाईनं दोन स्पीड ब्रेकरसाठी उपाशी बसायचं हे मला हास्यास्पद वाटत होतं. ते मी बोललेही. “मरण्यासारखं कारण तरी बघा, बाई.”

“मरण्यासारखं कारण कोणतं असतं?” त्यांनी विचारलं.

आमच्या गावात शाळेजवळ हुतात्मा स्मारक आहे. सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, बाई आम्हाला तिथं झाडायला न्यायच्या. खांबावरची नावं उन्हानं पुसट झालेली. बाई ती खडूनं गिरवायच्या आणि एकेकाची गोष्ट सांगायच्या. सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. एकदा चौथीत मी हात वर करून विचारलं, “बाई, ते मेल्यावर त्यांच्या पोरांना कुणी सांभाळलं?” बाईंनी मला घंटा होईपर्यंत उभं केलं. कशाबद्दल ते मला पुढे कितीतरी वर्षं कळलं नाही. आगाऊपणाबद्दल असावं, असं मी धरून चालले होते.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर बाई येऊन बसल्या. मंडप नव्हता, फ्लेक्स नव्हता. एक सतरंजी, पाण्याची बाटली, शाल आणि गोळ्यांची डबी. शेजारच्या मंडपात चांगला लाउडस्पीकर लावून एक पुढारी बसला होता, त्यानं बाईंना आपल्या कनातीची सावली दिली. दुपारी सरकारी दवाखान्यातली सिस्टर आली, बीपी बघितलं, बोट टोचून साखर बघितली, वहीत लिहिलं. मी काचेआडून बघत होते. दर तासाला मी स्वतःशी म्हणायची, आता जाऊन सांगते. आणि दर तासाला कुणीतरी आधार कार्डाची झेरॉक्स मागायला यायचं.

दिवस कलताना एक म्हातारा आला. अंगावर जुनी घोंगडी, हातात काठी. वस्तीवरचा. पोरं-सुना कारखान्यावर, तो घर आणि शेळ्या राखायला मागे राहिलेला. कुणाच्या तरी मोबाइलवर बातमी आली होती, की एक बाई आपल्या स्मशानाच्या रस्त्यासाठी उपाशी बसलीय. तो फाट्यापर्यंत चालत आला, तिथून बसनं आला. मी चहाच्या निमित्तानं दुकानातून बाहेर आले, म्हणून मला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

“बाई, आमच्या वस्तीचा रस्ता तुमाला कावून लागतो?” त्यानं विचारलं. रागानं नव्हे, त्याला खरंच कळत नव्हतं.

मला वाटलं, आता बाई माझं नाव घेतील. त्या म्हणाल्या, “बाबा, नोकरीभर मी तुमच्या वस्तीच्या पोरांपुढे हजेरीत ‘गैरहजर’ लिहिलं. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत, दर वर्षी. दुसरं काही केलं नाही मी त्यांच्यासाठी.”

म्हातारा खाली बसला. त्यानं घोंगडी अर्धी सतरंजीवर पसरली. मग त्यानं त्याच्या बायकोचं सांगितलं. ती आदल्या श्रावणात गेली. ओढा भरून वाहत होता, खांदेकऱ्यांच्या मांडीपर्यंत पाणी, मधेच एकाचा पाय घसरला. “तिरडी कलली बगा,” तो म्हणाला. “पडली न्हाई. पन कलली. ते माज्या डोळ्याफुडून जात न्हाई.” अंधार पडेपर्यंत दोघंही त्या सतरंजीवर बसून राहिले. मी चहाचा कप तसाच घेऊन दुकानात परत आले.

आता माझी पंचाईत बघा. बाईंना सांगावं तर त्या म्हाताऱ्यासमोर सांगावं लागणार. की बाबा, तुझा रस्ता या कागदात कुणाच्या कळवळ्यानं आलेला नाही, लाइट गेली म्हणून राहून गेलाय. तो परत कसा जाणार होता? आणि न सांगावं तर बाई बसून राहणार. मी मनात बरीच वकिली केली. शेवटी ठरवलं, की उद्या सरबत येईलच, सगळ्यांचं येतं. तेव्हा आपोआप मिटेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरबत आलं. साहेब सज्जन होते, धावपळ करून त्यांनी स्पीड ब्रेकरचं पत्र आणलं होतं. पंधरा दिवसांत काम होईल, खाली सही-शिक्का. लोक जमले, मोबाइल वर झाले. साहेबांनी ग्लास पुढे केला.

“आणि दुसरी मागणी?” बाई म्हणाल्या.

साहेब अडखळले. “मॅडम, तो विषय वेगळा आहे. खासगी जमीन आहे, मोजणी लागेल, वेळ लागेल. तुमची मुख्य मागणी तर मान्य झाली ना?”

बाईंनी ग्लास घेतला आणि सतरंजीच्या कडेला ठेवून दिला. गर्दीतून कुणीतरी “बाई, लई झालं आता, प्या” असं ओरडलं. शेजारच्या मंडपातल्या पुढाऱ्यानंही माइकवरून विनंती केली. बाई मान हलवत होत्या आणि त्यांच्या तोंडावर तेच तेज होतं. त्या क्षणी मला त्या कचेरीसमोर बसणाऱ्या इतर कुणाहूनही वेगळ्या दिसल्या नाहीत. म्हातारा ग्लासकडे बघत होता, कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आली तेव्हा थंडी मी म्हणत होती आणि बाईंच्या कपाळावर घाम होता. बोटं थरथरत होती. सिस्टरनं विचारलं, “मॅडम, साखरेची गोळी तर घेत नाही ना तुम्ही?”

“घेते की रोज. गोळी म्हणजे काही खाणं नव्हे.”

सिस्टरनं कपाळावर हात मारला. उपाशीपोटी साखर उतरवायची गोळी. मशीनवरचा आकडा तिनं मला दाखवला नाही, नुसतं म्हणाली, “ह्यांना आत्ता काहीतरी पाजा, नाहीतर बेशुद्ध पडतील. मग माझ्या हातात काही नाही.” आणि ती अँब्युलन्सला फोन करायला धावली.

मी दुकान तसंच टाकून पळाले. बाईंपुढे गुडघ्यावर बसले. कचेरी अजून उघडायची होती, आजूबाजूला चार-दोन माणसं. मी म्हणाले, “बाई, ऐका. ती दुसरी मागणी तुमची न्हाई. ती माज्या...”

“गप्प बस,” बाई म्हणाल्या. आवाज चौथीच्या वर्गातला. जीभ जड झाली होती तरी जरब तीच. मी गप्प बसले. इतक्या वर्षांनी, पांढरे केस घेऊन, मी खरंच गप्प बसले.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. पुढाऱ्याच्या मंडपातून त्यानं स्वतःच साखर घातलेलं पाणी मागून आणलं. तो काठी टाकून बाईंसमोर बसला.

“बाई,” तो म्हणाला, “तुमी हितं मेल्या तर तुमाला सिमेटच्या रस्त्यानं नेत्याल. लई मोटी मिरवणूक निगंल. फुलं पडत्याल. आन् आमी तिकडं तसंच पान्यातून. तुमच्या मरनाचा आमाला काय उपेग? जित्या रायल्या तर चार कागुद तरी लिव्हून द्याल. घ्या.”

बाईंच्या तोंडावरचं ते तेज त्याच्या बोलण्यासरशी उतरलं. उरली एक थकलेली, घाबरलेली म्हातारी बाई. तिनं दोन्ही हातांनी ग्लास धरला. अर्धं पाणी पदरावर सांडलं, अर्धं पोटात गेलं. फोटो कुणी काढला नाही.

दवाखान्यात सलाइन लावलेलं असताना मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. फाइल, लाइट, गिऱ्हाइकं, खोटं. सांगताना मी रडले. बाई वर पंख्याकडे बघत होत्या.

“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “नोटीस आली त्या दिवशी घरीच वाचलं ना मी चष्म्यानं. तिसऱ्या ओळीत ‘आम्ही समस्त ऊसतोड मजूर’ राहिलंय तुझं. आयुष्यभर वह्या तपासल्या, कुणी कुणाची बघून लिहिलीय ते मला कळत नाही होय?”

“मग मला विचारलंत कावून?”

“तू खरं सांगतेस का ते बघायला.”

मी मान खाली घातली. त्याच पुढे बोलल्या. “आणि मग उठवेना मला. रस्ता महत्त्वाचा होताच, तो खोटा नव्हता. पण खरं सांगू? बरं वाटत होतं. घर सुनं झाल्यापासून ‘बाई, जेवा’ असं मला कुणी म्हटलं नव्हतं. तिथं सगळे म्हणत होते. ते बरं वाटणं फार वाईट, अगं. त्यापायी मी त्या म्हाताऱ्याच्या रस्त्यावर मरायला निघाले होते.” मग हसल्या. “तुला एकदा स्मारकापाशी उभं केलं होतं, आठवतं? त्यांच्या पोरांना कुणी सांभाळलं, म्हणून विचारलं होतंस.”

“आठवतं की.”

“मला उत्तर येत नव्हतं. म्हणून उभं केलं.”

मला त्या वेळी फार प्रेम वाटलं त्यांच्याबद्दल, आणि थोडा रागही. एवढी वर्षं मी स्वतःला आगाऊ समजत आले होते.

स्पीड ब्रेकर झाले. पंधरा दिवसांत नाही, होळीपर्यंत झाले. त्यावरून आमची एसटी जाते तेव्हा मागच्या बाकावरची माणसं उडतात आणि बाईंच्या नावानं बोटं मोडतात. रस्त्याचं काही झालं नाही. दर सोमवारी बाई आणि तो म्हातारा कचेरीत जाऊन बसायचे, मोजणीची तारीख विचारायचे आणि परत यायचे. दर वेळी नवा कागद, माझ्या दुकानातून. सही करण्याआधी बाई मला तो मोठ्यानं वाचायला लावायच्या. डोळे आता ठणठणीत होते, तरी माझ्याकडूनच वाचून घ्यायच्या. मी खुर्चीवर बसून वाचायला लागले की नुसत्या बघायच्या. मग मी उभी राहून वाचायची. गिऱ्हाइकं हसायची, हसू दे.

म्हातारा त्याच पावसाळ्यात गेला. ताप आला, चार दिवसांत संपला. बाईंनी फोन केला, “ये. चप्पल घालू नकोस, ओढ्याला पाणी आहे.” मी दुकान बंद करून गेले. बायका ओढ्यापर्यंतच जातात, तशी रीत. बाई थांबल्या नाहीत. त्यांनी लुगड्याचा काचा मारला, माझं मनगट धरलं आणि पाण्यात उतरल्या, म्हणून मीही उतरले. पाणी गढूळ, मांडीपर्यंत. पुढे त्याच्या मुलांनी तिरडी खांद्यावरून डोक्यावर घेतली. मधल्या खडकापाशी ती कलली. माझ्या तोंडून हाक निघाली. त्याच्या थोरल्या मुलानं मागे वळून न बघता ती सावरली, आणि सगळे पुढे चालत राहिले.

पलीकडच्या काठाला बाई एका दगडावर बसल्या. पदर पिळत म्हणाल्या, “हा हुतात्मा नव्हे, नाही का? हा नुसता मेला.” मला त्या खांबावरची खडूनं गिरवलेली नावं आठवत होती.

दसऱ्यानंतर वस्तीचे लोक तोडीला निघायच्या आधी बाई दुकानात आल्या. या वेळी मी कोरा कागद उघडला. मागणी एकच होती. ती टाइप करून झाल्यावर मी विचारलं, “शेवटी काय टाकू, बाई?”

“नम्र विनंती,” त्या म्हणाल्या. “मरणाचं काही घालू नकोस. त्या वस्तीला मरणाचीच तर अडचण आहे.”

मी प्रिंट काढली, उभी राहून मोठ्यानं वाचली. बाईंनी सही केली. मग वस्तीच्या लोकांचे अंगठे झाले, म्हाताऱ्याच्या थोरल्या मुलानं सावकाश आपलं नाव लिहिलं. बाईंनी कागद फिरवून माझ्याकडे केला आणि पेन त्यावर ठेवलं. दुकानात गिऱ्हाइकं होती, बाहेर ट्रॅक्टर उभा होता.

मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. कागद पुन्हा हातात घेतला. नुकताच मोठ्यानं वाचला होता, तरी सही करण्याआधी मी तो पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचायला लागले.